दुसरा जोड
गगनबावड्याच्या घाटासाठी हौसेने एक्सपल्स २०० घेतली. पुढचं चाक २१ इंची, मागचं १८, सीट ८२३ मिलिमीटर उंच. घाट वर्षातून चारदा. रोज मात्र दसरा चौक, शाळा, बाजार.

गेल्या रमजानात अम्मी मागे बसताना गाडी कलली. माझ्या टाचा अधांतरी, सावरता आली नाही. दोष गाडीचा नव्हे, माझ्या उंचीचा. अम्मीचा गुडघा सोलवटला. म्हणाली, "तुझ्या उंटावर मी पुन्हा बसायची नाही."

विकायला मन होईना. शेवटी १७ इंची चाकांचा दुसरा जोड घेतला, रस्त्याच्या टायरसकट. मिस्त्रीने नवे बुश घडवले, एबीएसची रिंग नव्या हबवर बसवली. पुढची बाजू पाचेक सेंटिमीटर उतरली. हँडल चटकन वळतं. खड्ड्यात मात्र जास्त आदळतं. अम्मीची जागा जेमतेम बोटभर खाली आली. पण माझे दोन्ही पाय आता पुरते टेकतात. ती चढताना गाडी हलत नाही.

जुनी चाकं माळ्यावर गोणपाटात आहेत. पावसाळा सरला की घाटासाठी काढीन.

परवा जुम्म्याला अम्मी आपणहून म्हणाली, "चल, मामूकडे सोड." खांद्याला धरून चढली. मामूच्या दारापर्यंत तिची पकड काही सैल झाली नाही.