बुटांच्या नाड्या

काही वर्षांपूर्वीच्या एका पावसाळ्यात आमच्या पाठीच्या कण्याने असहकार पुकारला. शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी सहा महिन्यांची सक्तीची विश्रांती फर्मावली. ज्याने इतक्या वर्षांत क्वचितच एखादा रविवार चुकविला, त्याने खाटेवर पडून चर्चची घंटा नुसती ऐकावी, ही शिक्षा लहान नव्हे. परंतु खरे दुखणे पाठीत नव्हतेच. आमचे काम सांभाळणारे तरुण सहायक धर्मगुरू फारच तरबेज निघाले. युवक त्यांच्याभोवती जमू लागले. भेटीस येणारी मंडळी आमच्या प्रकृतीची चौकशी दोन वाक्यांत उरकून त्यांच्या प्रवचनांची स्तुती करू लागली. आम्ही हसून मान डोलावीत असू. आत मात्र काहीतरी जळत असे. स्पर्धा माणसाला पोखरते, असे मुलांना वर्षानुवर्षे बजावणारे आम्ही पडल्यापडल्या स्पर्धाच खेळत होतो, आणि हरत होतो.

त्याच दिवसांत टोरांटोला नोकरीस असलेला आमच्या धर्मग्रामातील एक तरुण सुटीवर आला होता. तिकडे जाऊन त्याला बर्फावरील हॉकीचे वेड लागलेले. "फादर, तुमच्यासारखीच पाठ असलेला एक खेळाडू दाखवतो," असे म्हणत त्याने मोबाईलवर जुनी चित्रणे लावली. अशा रीतीने मारिओ लेम्यू आमच्या खोलीत आला.

मैदानी हॉकी आम्हांस ठाऊक होती. सेमिनरीत आम्ही गोल सांभाळीत असू. हा खेळ वेगळाच. चेंडूऐवजी तीन इंच व्यासाची, एक इंच जाडीची रबरी चकती, पायांत पोलादी पात्यांचे बूट आणि मैदानावर प्रत्येक संघाचे सहा जण. वेग इतका की मिनिटभरातच दमलेला खेळाडू बाकावर परततो आणि दुसरा त्याची जागा घेतो. खेळ थांबतही नाही. एक गोष्ट मात्र आमच्या मनात रुतली. गोल करणाऱ्याच्या खाती जसा एक गुण पडतो, तसाच त्याआधी चकती पुढे सरकविणाऱ्या एकदोघा सहकाऱ्यांच्या खातीही एकेक पडतो. देणारा आणि मारणारा, हिशेबात दोघे सारखे.

लेम्यूचा जन्म १९६५ सालचा, कॅनडातील माँट्रियल शहरातला. फ्रेंच भाषेत त्याच्या आडनावाचा अर्थच 'सर्वोत्तम' असा होतो. १९८४ साली अमेरिकेतील पिट्सबर्गच्या पेंग्विन्स संघाने नवोदितांतून त्याची पहिली निवड केली आणि व्यावसायिक सामन्यातील आपल्या पहिल्याच फटक्यावर त्याने गोल केला. त्या काळी वेन ग्रेट्झ्की हे हॉकीतले सर्वांत मोठे नाव. त्याचा क्रमांक ९९. लेम्यूने तोच आकडा उलटा करून ६६ क्रमांक घेतला. पुढे दोघांची तुलना सतत होत राहिली. पण १९८७ साली कॅनडा चषकाच्या निर्णायक सामन्यात दोघे एकाच संघातून सोव्हिएत संघाविरुद्ध उतरले. शेवटच्या दोन मिनिटांत ५-५ अशी बरोबरी असताना ग्रेट्झ्कीने चकती लेम्यूकडे सरकविली आणि लेम्यूने विजयी गोल केला. ज्याच्याशी आपले माप लावले जाते, त्याच्याच हातून आपल्याला यश मिळावे, हे पाहताना आमच्या मनात सहायक धर्मगुरूंचा चेहरा उभा राहिला आणि आम्ही थोडे ओशाळलो.

पुढची कथा आघातांची आहे. १९९० साली लेम्यूच्या पाठीवर शस्त्रक्रिया झाली, नंतर जंतुसंसर्ग झाला आणि हंगामातील पहिले ५० सामने त्याला खेळता आले नाहीत. तरीही १९९१ आणि १९९२ साली त्याच्या संघाने स्टॅनले चषक जिंकला. पाठ मात्र सुटली नाही. कित्येकदा त्याला वाकून बुटांच्या नाड्याही बांधता येत नसत. दुसरा कोणी त्या बांधी, मग हा बर्फावर उतरे. हे ऐकून आम्ही गप्प झालो. आमच्याही बुटांच्या नाड्या तेव्हा चर्चचे वृद्ध सेवक बांधीत, आणि "फादर, पाय पुढे करा," असे ते म्हणाले की आम्ही दरवेळी चिडत असू.

जानेवारी १९९३ मध्ये त्याला हॉजकिन्स हा लसिका ग्रंथींचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. गुणांच्या शर्यतीत तोवर तोच पुढे होता. २ मार्च रोजी सकाळी त्याने किरणोपचारांची शेवटची मात्रा घेतली आणि त्याच संध्याकाळी फिलाडेल्फियात सामना खेळला. एक गोल केला, एका गोलास साहाय्य केले. संघ मात्र ५-४ असा हरला. फिलाडेल्फिया हे कडव्या प्रतिस्पर्ध्यांचे गाव. तरी तेथील प्रेक्षकांनी उभे राहून त्याचा गौरव केला. बफेलोचा पॅट लाफाँटेन तेव्हा १२ गुणांनी पुढे गेला होता. हंगाम संपला तेव्हा ८४ सामन्यांत लाफाँटेनचे १४८ गुण होते आणि अवघ्या ६० सामन्यांत लेम्यूचे १६०. त्याच वसंतात पेंग्विन्सनी सलग १७ सामने जिंकून लीगचा विक्रम केला.

येथेच कथा संपती तर ती प्रवचनास सोयीची ठरती. पण मे महिन्यात हाच अजिंक्य वाटणारा संघ चषकाच्या दुसऱ्या फेरीत, सातव्या सामन्याच्या जादा वेळेत, न्यूयॉर्क आयलंडर्सकडून हरला. आजारावर मात केली म्हणून चषक मिळेलच, असा करार कोणी केलेला नसतो. त्या खेळाची एक रीत आहे: चषकाची प्रत्येक मालिका संपल्यावर दोन्ही संघ रांगेत उभे राहून एकमेकांचे हात हाती घेतात. हरलेल्यालाही त्या रांगेतून जावेच लागते.

आणखी एक गोष्ट आम्हांस त्याच्या पुनरागमनाहून मोठी वाटते. १९९४-९५ चा संपूर्ण हंगाम तो खेळलाच नाही. शरीर थकले होते, म्हणून तो बसून राहिला. परतल्यावर त्याने १६१ गुण मिळवून पुन्हा पहिला क्रमांक घेतला. पण बसताना त्याला हे कोठे ठाऊक होते? जिद्द म्हणजे केवळ धावणे नव्हे. आपल्या वाट्याचा बाक स्वीकारणे हीदेखील जिद्दच, आणि आम्हांला नेमकी तीच जमत नव्हती.

सहा महिने सरले. परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मुख्य मिस्सा आम्ही सहायक धर्मगुरूंनाच अर्पण करण्यास सांगितले आणि स्वतः मागच्या बाकावर बसून त्यांचे प्रवचन ऐकले. ते खरोखरच चांगले होते. संध्याकाळी आम्ही त्यांना तसे सांगितले, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. "फादर, इतके महिने मी भीत होतो, तुम्हांला माझे काम आवडत नाही म्हणून," ते म्हणाले. आमच्या मत्सराची झळ त्या बिचाऱ्याला आमच्याआधी लागली होती.

तो मत्सर समूळ गेला, असा दावा आम्ही करणार नाही. अधूनमधून तो डोके वर काढतोच. मात्र पाठ आखडलेल्या सकाळी तेच वृद्ध सेवक अजूनही येतात. आता त्यांनी सांगण्यापूर्वीच आम्ही पाय पुढे करतो.