एकशे चौदा पॉइंट तीन

प्रत्येक होस्टेलमध्ये एक तरी गाडीवेडा असतो. आमच्या विंगमध्ये तो नेमका माझाच रूम पार्टनर निघाला. त्याचं खरं नाव रेक्टर सरांना माहीत असेल, आम्ही त्याला दाढी म्हणतो. दाढी चिपळूणचा. त्याच्या बाबांनी नवी गाडी घेतली आणि घरची २०११ ची मारुती ८०० त्याच्या हवाली केली. त्या दिवसापासून आमच्या रूममध्ये अभ्यास सोडून इतर सर्व विषयांवर चर्चा होऊ लागली.

एका रविवारी हा पठ्ठ्या कोल्हापूरहून चार अलॉय व्हील्स घेऊन आला. जुन्या सँट्रोवरची, १३ इंची, चारही मिळून सहा हजार. मेसचं बिल थकलेलं, पण चेहऱ्यावर लग्न ठरल्याचा आनंद! लगेच खाली जाऊन जॅक लावला, ८०० चं १२ इंची लोखंडी चाक काढलं आणि अलॉय टेकवलं, तर एकाही भोकाचा स्टडशी मेळ बसेना.

दोन्हीकडे भोकं चारच, मग अडचण काय? अडचण पीसीडीची, म्हणजे पिच सर्कल डायमीटरची. चार भोकांच्या मध्यातून जाणारं वर्तुळ काढा, त्याचा व्यास म्हणजे पीसीडी. चारच भोकं असतील तर मोजायलाही सोपं, समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर घ्यायचं. सँट्रोचं आलं १०० मिलिमीटर, ८०० चं आलं ११४.३. हा पॉइंट तीन काय प्रकार आहे म्हणून आम्ही बराच वेळ व्हर्नियरला दोष दिला. मग ट्यूब पेटली, ११४.३ म्हणजे बरोबर साडेचार इंच!

दाढीचा पहिला प्रस्ताव : भोकं कानशीने लांबट करू. वर्कशॉपच्या मामांनी हे ऐकलं आणि हातातला चहा खाली ठेवला. "चाकाचं भोक वाढवलंस तर वर्कशॉपात पाऊल ठेवू देणार नाही." मामा सहसा एवढं लांब वाक्य बोलत नाहीत.

मग मी पुढे सरसावलो. मेकॅनिकलचं तिसरं वर्ष, मशीन डिझाइनमध्ये बऱ्यापैकी मार्क, म्हणजे अंगात थोडी हवा होतीच. म्हटलं, अॅडॅप्टर स्पेसर करू. अॅल्युमिनियमची जाड चकती, एका वर्तुळावर ८०० च्या हबसाठी भोकं आणि दुसऱ्यावर सँट्रोच्या चाकासाठी नवे स्टड. ऑटोकॅडवर काढायला बसलो तेव्हा गंमत कळली. दोन्ही भोकं एकाच रेषेत ठेवली तर त्यांच्या केंद्रांत जेमतेम सात मिलिमीटर अंतर राहतं, म्हणजे ती एकमेकांत घुसतात. पण एक वर्तुळ ४५ अंशांनी फिरवलं की अंतर होतं साडेएक्केचाळीस. जाडी २५ मिलिमीटर धरली, कारण आतले नट चकतीतच बुडायला हवेत आणि मूळ स्टडची टोकं बाहेर डोकावता कामा नयेत.

आणखी एक सापळा नटांचा. ८०० चे स्टड एम १२, पिच १.२५. सँट्रोचे नटही एम १२, पण पिच १.५. दिसायला सख्खे भाऊ. एक-दोन आटे जातातही, मग अडकतात. आपण पान्यावर पाय ठेवून 'घट्ट' करतो ते खरं तर आटे मारणं असतं. म्हणून आत १.२५ आणि बाहेर १.५ असं ठरवलं. नवे स्टड १०.९ ग्रेडचे घेतले.

टायरचं गणित मला सगळ्यात आवडलं. ८०० चा टायर १४५/७० आर १२, बाहेरचा व्यास साधारण ५०८ मिलिमीटर. सँट्रोचाच १५५/७० आर १३ चढवला तर ५४७. म्हणजे जवळजवळ आठ टक्के मोठा. स्पीडोमीटर ६० दाखवणार तेव्हा गाडी ६४-६५ ने पळणार, शिवाय पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर मडगार्डला घासणार. १५५/६५ आर १३ घेतला तर ५३२, फरक पाच टक्क्यांच्या आत. लोड इंडेक्स ७३, म्हणजे एका टायरला ३६५ किलो, ८०० साठी भरपूर. तेच घेतले.

अॅडॅप्टर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात करून घेतले. तिथल्या म्हाताऱ्या टर्नरकाकांनी ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं आणि डायमेन्शनबद्दल काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं, "गाडीत बसनार कोन?" दाढी म्हणाला, आम्हीच. "मग हरकत न्हाई," म्हणाले. काम मात्र असं केलं होतं की चकत्या हातातून ठेवाव्याशा वाटेनात.

इथे आम्ही माती खाल्ली. अलॉयच्या स्पोकमधून त्या चकत्या चांदीसारख्या चमकत होत्या आणि दाढीला ते 'चीप' वाटलं. मग काळा स्प्रे पेंट आणला आणि पुढून, मागून, कडेने दोन-दोन हात मारले. आम्ही दोघंही खूश. चाकं २५ मिलिमीटर बाहेर आल्यामुळे स्टिअरिंग जड झालं, खड्ड्यात हिसका बसू लागला, चिखल थेट दारावर उडू लागला. पण गाडी कसली दिसत होती म्हणून सांगू! लेडीज होस्टेलसमोरून तीन फेऱ्या झाल्या. (उपयोग शून्य.)

२०२३ चे गणपती. दाढीची आई मावशीकडे कराडला आली होती, तिला घेऊन चिपळूणला जायचं होतं. मलाही आमंत्रण होतं. पाटण मागे पडलं, पाऊस सुरू झाला आणि पुढच्या डाव्या चाकातून बारीक 'टक-टक' ऐकू येऊ लागली. खडा असेल म्हणून काच वर केली. पण टक-टक वेगाबरोबर वाढत होती. कोयनानगरला चहाच्या टपरीशी गाडी थांबवली आणि चाक काढलं. बाहेरचे चारही नट टाइट. आतले, म्हणजे अॅडॅप्टर हबला धरून ठेवणारे, त्यातले दोन मी बोटांनी फिरवले.

चाक काढल्याशिवाय हे नट दिसतच नाहीत. निघण्यापूर्वी आम्ही टॉर्क रेंचने तपासले होते ते बाहेरचे. आणि सैल का झाले, तेही तिथेच दिसलं. चकतीच्या मागच्या बाजूला रंग चुरून सालपटं निघाली होती. गाडीचा भार स्टड अडवत नाहीत, नटांच्या दाबामुळे हब आणि चाकाच्या पृष्ठभागांत जे घर्षण तयार होतं ते अडवतं. तो दाब येतो स्टडच्या ताणातून. स्टड ताणला जातो मिलिमीटरच्या काही शतांश भागाने, आणि रंगाचा थरही त्याच मापाचा. रंग चुरला, ताण गेला. फ्रिक्शनवर मी सेमिनार दिला होता, त्यात हे वाक्य होतं. स्लाइड क्रमांकसुद्धा आठवला.

पुढे कुंभार्ली घाट होता. दाढीने नट करकचून आवळले आणि माझ्याकडे पाहिलं. काकू छत्री धरून आमच्या डोक्यावर उभ्या होत्या. त्यांनी साधंच विचारलं, "घट्ट केलंस ना रे बाळा? आता जायला हरकत नाही ना?"

मला 'हो' म्हणता येईना. रंग अजून तसाच आत होता. सैल नटांवर किती किलोमीटर चाललो, उरलेल्या दोन स्टडनी किती सोसलं, काहीच ठाऊक नव्हतं. 'बहुतेक' म्हणता आलं असतं. व्हायव्हात मी बहुतेकवर बरेच मार्क मिळवले आहेत.

"काकू, एस.टी.ने जाऊ," मी म्हटलं. दाढी भडकला. रस्त्यावरच आमची वाजली. काकू काही बोलल्या नाहीत, त्यांनी डिकीतून मोदकाच्या पिठाचा डबा आणि सामानाची पिशवी काढली. पाऊण तासाने चिपळूण गाडी आली. गच्च भरलेली. घाटभर मी दारापाशी उभा होतो आणि प्रत्येक वळणाला खाली दरीकडे बघत होतो. दाढी घाट उतरेपर्यंत माझ्याशी बोलला नाही. अलोऱ्याच्या जवळपास त्याने न बघताच शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

दुसऱ्या दिवशी आरती झाल्यावर त्याचे बाबा आपल्या गाडीत ८०० ची जुनी चारही चाकं घालून आम्हाला कोयनानगरला घेऊन गेले. आम्ही चाकं बदलली, ते टपरीवर बसून पेपर वाचत होते. शेवटी हबवरून हात फिरवून त्यांनी विचारलं, "रंग कशाला दिला होता?" दाढी म्हणाला, दिसायला. "बरं," म्हणाले आणि चहाचे पैसे दिले.

मामांना सगळं सांगितलं. त्यांनी एक चकती मागून घेतली आणि वर्कशॉपच्या खिडकीत ठेवली आहे, सालपटं निघालेली बाजू बाहेर करून. ८०० हल्ली पुन्हा १२ इंचीवर पळते. दोन अलॉयवर फळी टाकून आमच्या रूममध्ये टेबल झालं आहे, दोन पलंगाखाली आहेत. कोणाकडे सँट्रो असेल तर चारही पाच हजारांत द्यायची आहेत, १.५ पिचचे नट सोबत. बी ब्लॉक, रूम २१४. अॅडॅप्टर विकायचे नाहीत.