लाल गळपट्टा

मैत्रिणींनो, गेल्या रविवारी आमच्या मराठी शाळेत मुलांना 'ळ' शिकवायला उभी राहिले, आणि तोंडातून आवाजच फुटेना. 'कमळ' म्हणायला जावं तर नुसती हवा! "बाई, तुम्हाला सर्दी झालीय का?" एका चिमुरडीनं विचारलं. मी मान डोलावली झालं. खरं कारण सांगायची लाज वाटली. आदल्या संध्याकाळी मी फुटबॉलच्या मॅचला गेले होते आणि दोन तास उभी राहून ओरडले होते.

तुम्ही म्हणाल, चाळिशीकडे झुकलेल्या बाईला हे काय खूळ? तेच आज सांगायला बसले आहे.

मी मूळची कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर मॅच असली की आप्पा आणि दादा घाईघाईनं जेवून बाहेर पडायचे. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा ही संघांची नावं मला पाढ्यांसारखी पाठ होती. मैदान मात्र मी आतून कधी पाहिलं नाही. आमच्या घरातल्या बायका जातच नसत. आई आणि मी गच्चीवर पापड वाळत घालायचो. लांबून गलका ऐकू आला की आई म्हणायची, "झाला वाटतं गोल." कुणी केला, ते आप्पांच्या चेहऱ्यावरून संध्याकाळी कळायचं.

मी स्वतः शाळेत खो-खो खेळायची. आठवीत पाळी सुरू झाली आणि खेळ सुटला. कुणी रागावलं नाही, की मारलं नाही. "आता पुरे," एवढंच आई म्हणाली. मलाही ते वेगळं वाटलं नाही. पुढे बी.ए. झाले, एका शाळेत अर्धवेळ शिकवू लागले, लग्न झालं. २०१७ मध्ये ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही अमेरिकेत आलो. पश्चिम किनाऱ्यावर ऑरेगॉन राज्य आहे, तिथं पोर्टलंड शहराजवळच्या बीव्हर्टन गावात.

अमेरिकेत फुटबॉल म्हणजे तो शिरस्त्राण घालून, चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. आपल्या फुटबॉलला म्हणतात 'सॉकर'. हा शब्द अमेरिकेनं काढला असं मला वाटायचं. पण तो मूळचा इंग्लंडचाच, 'असोसिएशन फुटबॉल'मधल्या असोसिएशनचा विद्यार्थ्यांनी केलेला लाडका अपभ्रंश! इंग्लंडनं तो टाकला, अमेरिकेनं जपला. माहेरी विसरलेला दागिना सासरी मिरवावा तसं.

लेक सहा वर्षांची झाली तेव्हा शेजारणीनं सुचवलं, "हिला सॉकरला घाला, सगळ्याच मुली जातात." आणि खरंच, शनिवारी सकाळी मैदानावर जाऊन पाहते तो काय, एकेका मैदानाचे चार-चार तुकडे केलेले आणि प्रत्येकावर पोरी धावताहेत. गुडघ्यापर्यंत मोजे, त्यांच्या आत नडगीला लावायचे पॅड, वरून पावसाची झिमझिम. कडेला घडीच्या खुर्च्या मांडून आया बसलेल्या. ह्यांनाच इथं 'सॉकर मॉम' म्हणतात. १९९६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत तर ह्या सॉकर मॉमची मतं कुणाला मिळणार, याची वर्तमानपत्रांतून मोठी चर्चा झाली होती.

तर मीही एक घडीची खुर्ची घेतली. मध्यंतराच्या खाऊची पाळी आमच्याकडे आली तेव्हा हौसेनं शेंगदाण्याची चिक्की करून नेली. डबा उघडला मात्र, एका आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या मुलीला शेंगदाण्याची ऍलर्जी होती. दाणा पोटात गेला तर श्वास अडकायचा! कोचबाईंनी डबा हळूच बंद करून माझ्या हातात दिला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढच्या वेळी विचारून, संत्र्याच्या फोडी नेल्या. तेव्हापासून एक धडा घेतला आहे, तुम्हीही घ्या : दुसऱ्याच्या मुलासाठी खाऊ करायचा तर आधी आईला विचारावं. आणि हो, पांढऱ्या मोज्यांवरचे गवताचे डाग व्हिनेगरमध्ये अर्धा तास भिजवून मग धुतले की पुष्कळसे निघतात.

खुर्चीवर बसून बसून मला प्रश्न पडला, ज्या देशाला हा खेळ परका, तिथं एवढं वेड आलं कुठून? हे पहाटे साडेचारला उठून इंग्लंडमधली मॅच टीव्हीवर लावतात, काकडआरतीला उठावं तसं. त्यांच्या मते ही सगळी टीव्हीची कृपा. पण मी विचारत गेले, वाचत गेले, तसा मला दुसराच धागा दिसला.

पहिलं वेड आलं ते पेलेबरोबर. १९७५ मध्ये तो न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघात आला आणि स्टेडियम भरू लागली. हाच कॉसमॉस १९७७ च्या सप्टेंबरात कलकत्त्याला मोहन बागानशी खेळला आणि सामना २-२ असा बरोबरीत सुटला. आप्पा अजून ते सांगतात. त्याच्या आदल्याच महिन्यात त्या संघानं अमेरिकेतलं विजेतेपद मिळवलं, ते कुठं माहीत आहे? आमच्या पोर्टलंडच्या स्टेडियमवर! पण हा डोलारा नावाजलेल्या पाहुण्यांच्या जिवावर उभा होता. पाहुणे गेले, पैसे संपले आणि १९८४ नंतर ती लीगच बंद पडली.

दुसरं वेड मात्र खालून उगवलं. १९७२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला : सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांनी मुलगा-मुलगी असा भेद करायचा नाही. मग मुलांना मैदान तर मुलींनाही द्यावं लागलं. त्या वर्षी देशभरातल्या हायस्कुलांत सॉकर खेळणाऱ्या मुली होत्या अवघ्या ७००. पुढे तो आकडा पावणेचार लाखांच्या वर गेला. या मुली मोठ्या झाल्या, आया झाल्या, आणि आपल्या पोरींना घेऊन मैदानावर आल्या. १९९४ चा पुरुषांचा विश्वचषक अमेरिकेत झाला, १९९६ मध्ये दहा संघांची नवी लीग निघाली. २०२५ पर्यंत तिचे तीस संघ झाले. २०२३ मध्ये मेस्सी मायामीच्या संघात आला, तेव्हा आमच्या मराठी शाळेतले तीन मुलगे एकाच रविवारी गुलाबी शर्ट घालून आले. हे सगळं खरं. पण १० जुलै १९९९ ला कॅलिफोर्नियात बायकांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ९०,१८५ माणसं जमली होती, हेही तितकंच खरं. ती गर्दी कुणा पाहुण्यासाठी आली नव्हती. ती आपल्या मुलींना पाहायला आली होती.

माझी स्वतःची पहिली मॅच २०१९ च्या ऑगस्टमधली. शेजारीण आम्हां मायलेकींना घेऊन गेली. बीव्हर्टनहून आगगाडीत बसलो, डोंगराच्या पोटातला लांबलचक बोगदा ओलांडला आणि स्टेशनाबाहेर पडलो तर समोर स्टेडियम, आणि रस्ताभर लाल गळपट्टे! लोकर विणलेले, दोन्ही टोकांना झालर. पोर्टलंड थॉर्न्स हा इथला बायकांचा संघ. 'थॉर्न्स' म्हणजे काटे, कारण पोर्टलंड गुलाबांचं शहर. त्या दिवशी २५,२१८ प्रेक्षक होते. बायकांची मॅच, आणि पंचवीस हजार माणसं! आजोबा नातीला खांद्यावर घेऊन आलेले, तरुण मुलगे खेळाडू बायकांची नावं पाठीवर लिहिलेले शर्ट घालून आलेले.

आमच्या जागा उत्तरेकडच्या कट्ट्यावर होत्या. तिथं बसायचं नसतंच, उभंच राहायचं. ढोल वाजतात. एकजण चौथऱ्यावर चढून मैदानाकडे पाठ करतो आणि सगळ्यांकडून घोषणा म्हणवून घेतो, आपल्या आरतीतल्या म्होरक्यासारखा. गोल झाला की लाल धूर! या कट्ट्यावरच्या मंडळानं आपलं नाव दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या चित्रावरून घेतलं आहे. पोर्टलंडच्या गोद्यांतून तेव्हा हजारो बायका जहाजं बांधायच्या.

मी पदर सावरून बसावं तशी ओढणी सावरून उभी होते. तोंड उघडेना. लहानपणापासून 'हळू बोल, आवाज बाहेर जातो' हेच ऐकलेलं ना! शेजारीण म्हणाली, "तुला शब्द येत नसतील तर नुसतं ओ कर." दुसरा गोल झाला तेव्हा मी कधी ओरडले, मलाच कळलं नाही. लेक माझ्याकडे बघतच राहिली. परतताना मी दोन गळपट्टे घेतले, एक तिला, एक मला.

हा झाला आनंदाचा भाग. पण कट्ट्याची खरी ओळख मला पुढे झाली.

२०२१ च्या सप्टेंबरअखेर दोन खेळाडूंनी उघडपणे सांगितलं की त्यांच्या पूर्वीच्या कोचनं त्यांच्याशी गैरवर्तन केलं होतं. तो कोच एकेकाळी थॉर्न्सचाच. तक्रार २०१५ मध्येच झाली होती, त्याला काढलंही होतं, पण कारण जाहीर केलं नव्हतं. तो दुसरीकडे शिकवतच राहिला. ६ ऑक्टोबरच्या बुधवारी सामना होता. सहाव्या मिनिटाला खेळ थांबला. दोन्ही संघांच्या मुली मैदानाच्या मध्यावर आल्या, एकमेकींच्या हातांत हात गुंफून उभ्या राहिल्या. ऐकून घ्यायला सहा वर्षं लागली, म्हणून सहावं मिनिट.

एरवी तो कट्टा किती गाजतो! पण संघावर प्रेम म्हणजे मालकांची री ओढणं नव्हे, हे त्या लोकांनी दाखवलं. स्टेडियममधल्या दुकानांतून काही विकत घ्यायचं नाही असं ठरवलं, मालकांनी जावं म्हणून फलक धरले, आणि खेळाडूंच्या पाठीशी मात्र उभे राहिले. संघ अखेर विक्रीला निघाला. २०२४ च्या जानेवारीत तो विकत घेतला भारतीय वंशाच्या एका कुटुंबानं. पण माझ्या मनात राहिलं ते एवढंच : नात्याच्या ना गोत्याच्या मुलींसाठी हजारो माणसं आवाज चढवू शकतात.

आता घरातली गोष्ट सांगते, आणि थांबते. गेल्या वर्षी लेकीची पाळी सुरू झाली, ती नेमकी शुक्रवारी. शनिवारी तिची मॅच. सासूबाई तेव्हा आमच्याकडे आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "बसू दे की घरी, एका मॅचनं काय होतंय?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. आणि मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू, माझ्याही ओठांवर तेच दोन शब्द आले होते. 'आता पुरे.' लेकीनं विचारलं, "आई, मी जाऊ ना?" एवढुसा आवाज होता तिचा. त्या आवाजात मला माझं आठवीतलं वर्ष ऐकू आलं. मी म्हटलं, "मोजे कुठं आहेत तुझे? आटप लवकर."

मैदानावर कोचबाईंना बाजूला घेऊन, संकोचत सांगितलं. त्यांनी औषधपेटी उघडून दाखवली. पट्ट्या, बर्फाची पिशवी, आणि शेजारीच पॅडचं पाकीट. "नेहमीच असतं," त्या म्हणाल्या आणि शिट्टी वाजवायला वळल्या. एवढंच! आमची टीम ३-१ अशी हरली. लेक चिखलानं माखून आली आणि गाडीत बसल्याबसल्या म्हणाली, "भूक लागलीय." सासूबाईंनी काही न बोलता डब्यातली पोळी-भाजी पुढे केली.

त्या रात्री मी आईला फोन केला, सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला तेव्हा थांबवायला नको होतं मी." एवढ्या वर्षांत मी कधी तक्रार केली नव्हती, तरी तिच्या लक्षात होतं.

दिवाळीत दादाबरोबर मी आईसाठी एक लाल गळपट्टा पाठवला. दादा म्हणाला, "लई भारी हाय की गं, मलाच दे!" आईनं दिला नाही. कोल्हापुरात लोकरीचा गळपट्टा घालायची थंडी ती किती! तिनं तो कपाटात, डांबराच्या गोळ्या घालून ठेवला आहे. परवा मी फोनवर म्हटलं, "अगं, वापर की."

"वापरीन," आई म्हणाली. "तुझ्या आप्पांना म्हटलंय, यंदा शाहू स्टेडियमला मला घेऊन चला. मॅच कशी असते ते बघायचंय. ते 'बघू' म्हणालेत."

मी वाट बघते आहे.