शांततेला दुसरी जागा नाही

परभणीचे गणेश वाचनालय १९०१ सालचे. तेव्हा हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. पुढे गश्ती निशान ५३ हे निजाम सरकारचे परिपत्रक आले आणि साधी सभा घ्यायची तरी सरकारी परवानगी लागू लागली. अशा दिवसांत मराठवाड्यातल्या वाचनालयांत वर्तमानपत्र नुसते वाचून घडी घालून ठेवले जात नसे, त्यावर बोलणेही होई. म्हणून आज पेपरच्या टेबलाशी सोयाबीनच्या भावावरून दोन आजोबांचा आवाज चढला, तर त्यांना बेशिस्त ठरवून मोकळे होणे मला पटत नाही.

पण त्याच दालनात पलीकडे जिंतूर-पालमकडून आलेली मुले तलाठी भरतीची, पोलीस भरतीची तयारी करत असतात. भाड्याच्या एका खोलीत तिघे-चौघे राहायचे, शेजारी टीव्ही, रस्त्यावर डीजे. सरासरीचे गणित अर्ध्यावर आले असताना हशा उसळतो, पेन्सिल थांबते आणि त्यातली एखादी पोरगी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागते. गप्पांना पार आहे, चहाची टपरी आहे, बसस्थानक आहे. या मुलीच्या शांततेला दुसरी जागाच नाही. दोघांचा हक्क खरा असला, तरी उठायचे कोणी, हे इथे ठरते. वाचनालय म्हणजे मठ नव्हे, असे कोणी म्हणेल. मान्य आहे, माणसांची ये-जा हवीच. पण कुजबुजीने कोणाचे गणित चुकत नाही, चुकते ते भर आवाजातल्या वादाने.

खेड्यातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाची अडचण मात्र खरी आहे. खोली एकच, अनुदान तुटपुंजे, आणि ग्रंथपालाने बापाच्या वयाच्या माणसाला गप्प बसा म्हणायचे कसे? भिंतीवरची ‘शांतता राखा’ची पाटी हे काम करत नाही. कार्यकारी मंडळाने वेळ वाटून द्यावी: सकाळी दहापर्यंत पेपर आणि चर्चा, नंतर अभ्यास. बाहेर ओट्यावर एक बाकडे टाकावे आणि पेपर तिथे न्यायची मुभा द्यावी. मग ग्रंथपालाला जवळ जाऊन हळूच म्हणता येते, “काका, पेपर घेऊन ओट्यावर बसता का?” यात कोणाचा अपमान नाही. मोबाइलवर मोठ्याने बोलणाऱ्याला मात्र ओट्याचीही सवलत नको, त्याने सरळ फाटकाबाहेर जावे. पेपरवरच्या वादात निदान शेजारचा वाचक तरी सामील होऊ शकतो. फोनवरचे बोलणे त्या खोलीतल्या कोणासाठीच नसते.