प्लास्टर निघालं, पुढे काय?

आपल्याकडे हाड मोडलं की दोनच तारखा लक्षात ठेवतात. एक प्लास्टर घातल्याची, दुसरी काढल्याची. काढलं की पाहुण्यांचे फोन येतात, "सुटली का एकदाची?" आणि विषय संपतो. खरं काम तिथून पुढे सुरू होतं, आणि त्या कामासाठी आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात एकही माणूस नाही. त्यावर लिहितोय. पोस्ट लांबलीय, पण घरात कुणी पडलं-झडलं असेल तर वाचाच.

यंदा पावसाळ्यात आई अंगणात घसरली. उजवं मनगट मोडलं. वय ६८. सहा आठवडे प्लास्टर. हाड छान जुळलं, एक्स-रे चांगला आला, त्याबद्दल डॉक्टरांविषयी काडीची तक्रार नाही. पण प्लास्टर कापल्यावर आतून निघालेला हात बघून आई स्वतःच म्हणाली, "हा माझा हाय का?" दंड वाळलेला, बोटं सुजून ताठ, मूठ वळेना. भाकरी लांबच, साडीच्या निऱ्या धरता येईनात. दवाखान्यात सांगितलं, "हलवत राहा, होईल हळूहळू." कसं हलवायचं, किती वेळा, दुखलं तर थांबायचं का, काही नाही. शेजारच्या काकूंनी लगेच एका मालिशवाल्याचा पत्ता दिला.

मी आईला जिल्ह्याच्या गावी फिजिओथेरपिस्टकडे नेलं. एसटीने दीड तास. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी. तिने मशीन लावायच्या आधी कोनमापक काढला. कंपासपेटीत असतो तसाच, फक्त लांब दांड्यांचा. मनगट किती वाकतं ते मोजून वहीत लिहिलं. मग विचारलं, "आजी, या हाताने परत काय काय करायचंय?" आई म्हणाली, "भाकरी." तेही वहीत लिहिलं.

तिने सांगितलेलं माझ्या भाषेत सांगतो. हाड शरीर आपणहून सांधतं. पण सहा आठवडे न वापरलेला स्नायू आटतो, सांध्याभोवतीचं आवरण आखडतं, बोटं ओढणाऱ्या कंडरा आजूबाजूला धरून बसतात. हे नुसत्या आरामाने सुटत नाही, गोळीनेही नाही. वापरानेच सुटतं, तेही मापात. म्हणून मनगटाला प्लास्टर असतं तेव्हाही पहिल्या दिवसापासून बोटं, कोपर, खांदा हलवत राहायचं आणि सूज उतरावी म्हणून हात उंचावर ठेवायचा. हे एवढं प्लास्टर घालतानाच सांगायला किती वेळ लागतो? एक मिनिट?

व्यायाम म्हणाल तर घरातलेच. कोमट पाण्यात हात बुडवायचा. टेबलाच्या कडेला पंजा लोंबता ठेवून वर-खाली करायचा. ओला टॉवेल पिळायचा. परातीत पसरलेले हरभरे एकेक करून उचलायचे. दिवसातून चार-पाच वेळा. दुखण्याचा नियमही तिने दिला: व्यायामानंतर ठणकलं आणि थोड्या वेळात उतरलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशीही जास्तच दुखलं किंवा सूज चढली तर कमी करा आणि मला दाखवा. दर खेपेला कोन मोजायची. कोन वाढलेला दिसला की आईला हुरूप यायचा. दोन महिन्यांनी पहिली भाकरी झाली, कडेला फाटलेली. तिसऱ्या दिवशी नीट झाली.

आता खर्च. एका बैठकीचे ३०० रुपये, बारा बैठका, म्हणजे ३,६०० रुपये. एसटीत आईचं तिकीट अर्धं, माझं पूर्ण. वर प्रत्येक खेपेला माझा अर्धा दिवस. आम्हाला जमलं. तिथल्या बाकावर पहिल्या दिवशी कापूस वेचणाऱ्या एक ताई होत्या, हेच मनगट, हेच दुखणं. पुन्हा दिसल्या नाहीत. बोंडातून कापूस ओढायला बोटांची चिमूट लागते. ती वळत नसेल तर त्या बाईची हंगामाची मजुरी गेली, आणि कागदावर मात्र तिचा "उपचार पूर्ण".

त्याच बाकावर एक टेम्पोवाले दादा भेटले. तीन वर्षं कमरेला पट्टा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात व्यायामाचा कार्यक्रम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणं यांची शिफारस आहे. कमरेचा पट्टा आणि वजन लावून कंबर ताणणं, या दोन्हींची नेहमीच्या उपचारात शिफारस नाही. संघटनेच्याच आकड्यानुसार २०२० मध्ये जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. आपल्याकडे मात्र पट्टा आणि शेक यावरच गाडी अडलेली. फिजिओथेरपीच्या नावाखाली नुसतं मशीन लावून पैसे घेणारेही आहेत, हे लिहायलाच हवं. ती मुलगी दादांना म्हणाली, "मशीन दहा मिनिटं, बाकीचं तुमच्याच अंगाने करायचंय." दादांना ते फारसं आवडलं नाही. पण पट्टा निघालाय, आणि सध्या जोडधंदा म्हणून सगळ्या ड्रायव्हरांना पाठीचे व्यायाम शिकवणं चालू आहे!

हे शास्त्र काल-परवाचं नाही. पोलिओच्या साथीनंतर मुंबईत केईएम रुग्णालयात १९५३ मध्ये फिजिओथेरपीची शाळा सुरू झाली. राज्यात या व्यवसायाच्या परिषदेचा कायदा २००२ चा, केंद्राचा २०२१ चा. ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे आणि त्यात तालुका पातळीच्या रुग्णालयातही फिजिओथेरपीसाठी पुनर्वसन युनिट धरलेलं आहे. साडेचार वर्षं शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली पुण्या-मुंबईत कमी पगारावर राबतात आणि इथे खुर्चीच नाही. सरकारी योजनेच्या कार्डावर हाडात रॉड बसतो. त्यानंतर पाय वाकवून घ्यायला कुणाकडे जायचं, हे कार्डावर लिहिलेलं नाही.

सोमवारी जिल्हा शल्यचिकित्सक कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज दिलाय, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. तीन गोष्टी विचारल्यात. आपल्या तालुक्यात फिजिओथेरपिस्टचं पद मंजूर आहे का? असेल तर कधीपासून रिकामं आहे? आणि नसेल तर जिल्ह्यातून आठवड्यातला एक दिवस, बाजाराचा, कुणाला पाठवता येईल का, असा प्रस्ताव कधी गेला होता का? उत्तराची मुदत ३० दिवस. आलं की इथेच टाकतो. तोवर तुमच्या घरी प्लास्टर निघाल्यावर काय झालं, ते खाली लिहा. गावाचं नाव घाला, माणसाचं नको.