मेहकर-लोणार रस्त्यावर

एकट्याने केलेल्या प्रवासाबद्दल 'आम्ही' म्हणून लिहिणे हास्यास्पद आहे, हे मान्य. निबंधलेखकांची ही जुनी खोड सुटत नाही. शिवाय त्या दुपारी मोटारसायकलच्या मागच्या सीटवर कुणी नव्हते, तरी एक विद्यार्थी सोबत होता असेच म्हणावे लागेल.

ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' आम्ही पदवीच्या वर्गाला अनेक वर्षे शिकवली. त्याच नावाचा त्यांचा संग्रह 1954 सालचा. त्याच्या पुष्कळ आधी जी. एन. जोशी यांच्या ध्वनिमुद्रिकेने ती कविता घरोघर पोचवली होती. लय, नादमाधुर्य, भावगीताचा आरंभ, शब्दांची पुनरुक्ती. सारे मुद्दे फळ्यावर व्यवस्थित येत. सुलतानपूरकडचा एक मुलगा एकदा म्हणाला, "सर, ती शीळ आमच्याकडच्या रानातली आहे. एकदा चला." कवितेला गाव नसते, असे उत्तर आम्ही दिले. वर्ग हसला. त्याने पुढे आणखी एकदा बोलावले, तेव्हा आमच्यापुढे तपासायच्या उत्तरपत्रिका होत्या. आता त्याचा फोन लागत नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी मेहकरहून निघालो. 1909 साली जन्मलेले ना. घ. याच गावात वकिली करीत राहिले. 'खूणगाठी'ला 1986 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तरी पुण्यामुंबईकडे सरकले नाहीत. कंचनीच्या महालाचे अवशेषही इथलेच. लोणारच्या कमळजा देवीचा दिवा दिसावा इतका उंच महाल कंचनीला बांधायचा होता, अशी कथा सांगतात. 'कंचनीचा महाल' हे ना. घं.च्या 1996 च्या संग्रहाचे नाव. म्हणजे कवितेला गाव होते, आणि ते मुखपृष्ठावरच छापलेले होते!

समृद्धी महामार्ग याच तालुक्यातून जातो, पण त्यावर दुचाकीला मज्जाव आहे. आमचे काही अडले नाही. सुलतानपूरला लोणारचा फाटा घेतला. दोन्ही बाजूंना शेंगांवर आलेली तूर, मध्येच हरभऱ्याचा बुटका हिरवा पट्टा, वेचणी उरकत आलेला कापूस. जमीन सपाट वाटते, पण नसते. ती हळूच उतरते, पुन्हा चढते, आणि मुरमाड बरड्यावर बाभळी दिसतात. तासाला चाळीसच्या वेगाने रान सगळे दिसते. ऐकू मात्र फक्त स्वतःचे इंजिन येते. हे ध्यानात यायला दहाएक किलोमीटर लागले. एका लिंबाखाली गाडी बंद केली, हेल्मेट काढले.

थोड्या वेळाने खालच्या उतारावरून शीळ आली. शेळ्या वळवायची, दोनच सुरांची, तीत गोडवा म्हणावा असे काही नव्हते. पण ती थांबेना. एका शेतावरून दुसऱ्यावर, तिथून पलीकडच्या बरड्यापर्यंत गेली, कारण मध्ये अडवणारे काही नव्हते. ज्या पुनरुक्तीला आम्ही इतकी वर्षे अलंकार म्हणून शिकवले, ती अंतराची मोजणी होती. रानामागून रान आहे म्हणून शब्दामागून तोच शब्द आहे.

शेळ्यांमागून एक म्हातारा वर आला.

"गाडी बंद पडली का भाऊ?"

"नाही. ऐकत होतो."

"काय?"

आम्हाला सांगता येईना. फळ्यापुढे कधी अडलो नव्हतो. त्याने काठीने लोणारची दिशा दाखवली, वाट चुकलेल्या माणसाला दाखवतात तशी, आणि आम्ही उभे होतो तोवर पुन्हा शीळ घातली नाही.

लोणारचे विवर पाऊणे दोन किलोमीटर रुंद आहे आणि त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. काठावर उभे राहून आम्ही पाण्याकडे थोडे आणि मेहकरच्या दिशेने जास्त पाहिले. इथून महाल दिसत नाही.

परतताना अंधारात त्याच लिंबाखाली गाडी पुन्हा बंद केली. दूर विहिरीवरचा पंप चालू होता.