सिरस टीव्ही आणि कँडीतील आठ संध्याकाळी

आमच्या घरी ‘सिलोन’ हे पुष्कळ वर्षे देशाचे नाव नव्हते, ते रेडिओचे नाव होते. बुधवारी रात्री बिनाका गीतमालेसाठी वडील रेडिओचा काटा फिरवीत आणि खरखरीतून अमीन सयानींचा आवाज वर आला की बेळगावच्या त्या वाड्यात सगळे गप्प होत. ज्या बेटावरून ती हिंदी गाणी येत, त्या बेटावरचे लोक घरात कोणती भाषा बोलत असतील, हा प्रश्न आम्हां भावंडांपैकी एकालाही कधी पडला नाही. भाषेसाठी मोर्चे काढणाऱ्या घरातील मुलांनाही पडला नाही, हे आज नमूद करून ठेवतो.

काही वर्षांपूर्वी कँडीला आठ दिवस राहण्याचा योग आला. उतरलो होतो ते घर एका निवृत्त शिक्षिकेचे. शाळेत त्या सिंहली शिकवीत असत, माझ्याशी इंग्रजीत बोलत. संध्याकाळी जेवणघरातील दूरचित्रवाणी संच लागे तो ‘सिरस टीव्ही’वर, आणि झोपेपर्यंत तेथेच राही.

श्रीलंकेत दूरचित्रवाणी आली 1979 साली. ‘रूपवाहिनी’ ही सरकारी वाहिनी 1982 मध्ये सुरू झाली. सिंहलीत ‘रूपवाहिनी’ हा दूरचित्रवाणीलाच प्रतिशब्द आहे. आपण ‘वाहिनी’ म्हणतो ते एखाद्या चॅनेलला, त्यांनी त्या शब्दात सगळे माध्यमच बसविले. खासगी वाहिन्या नव्वदच्या दशकात आल्या. सिरस 1998 ची. पुढे 2005 मध्ये ‘देरण’ आणि 2012 मध्ये ‘हिरू’. या नावांची फोड बाईंनीच करून दिली. देरण म्हणजे धरणी. हिरू म्हणजे सूर्य. त्या भाषेत जुना ‘स’ अनेक ठिकाणी ‘ह’ झाला आहे, म्हणून सात तेथे ‘हत’ होतात. सिरस म्हणजे शिर, मस्तक. पण त्याच जुन्या घराण्यातला ‘हिस’ हाही शब्द सिंहलीत आहे, आणि डोके दुखते तेव्हा कोणीही सिरस किंवा हिस म्हणत नाही, ‘ओळुव’ म्हणतो! एकाच अवयवाला तीन शब्द, आणि वाहिनीने निवडला तो सर्वांत भारदस्त.

सिंहली ही मराठीप्रमाणेच आर्यकुळातील भाषा. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ती समुद्र ओलांडून गेली आणि मध्ये द्राविडी भाषांचा मोठा प्रदेश असल्यामुळे भावंडांपासून तुटली. महाप्राण गमावले, दीर्घ स्वर आखडले. ताटात वाढलेला भात तेथे ‘बत’, हात ‘अत’, दात ‘दत’, कान ‘कन’, आज म्हणजे ‘अद’, देश म्हणजे ‘रट’. या शेवटच्या शब्दात ‘राष्ट्र’ आहे, म्हणजे महाराष्ट्रातलाही उत्तरार्ध आहे. बातम्यांना ते ‘प्रवृत्ति’ म्हणतात. मी प्रथम हसलो, मग आठवले की मेघदूतातही तो शब्द कुशलवार्तेच्या अर्थाने आला आहे. आपण तो स्वभावाकडे नेला, त्यांनी जुना अर्थ जपला.

बातम्या लागल्या की बाई हातातले काम ठेवून ऐकत, आणि मध्येच जिभेने ‘च्च’ करीत. दोन दिवस मला वाटले, बातमी वाईट असावी. तिसऱ्या दिवशी विचारले तेव्हा कळले की निवेदकाच्या क्रियापदाचा शेवट चुकला होता. सिंहलीचे दोन अवतार आहेत आणि त्यांतील अंतर आपल्या प्रमाण मराठी आणि बोली यांच्यातील अंतरापेक्षा पुष्कळ अधिक आहे. बोलताना मी, आम्ही, तो, सर्वांना एकच क्रियापद पुरते: मम यनवा, अपि यनवा, एया यनवा. मी जातो, आम्ही जातो, तो जातो. पण लिहिताना आणि बातम्या वाचताना ‘मम यमि’, ‘अपि यमु’, ‘ओहु ययि’, ‘ओवुहु यति’. त्या ‘यमि’मध्ये संस्कृतचा ‘यामि’ जिवंत ऐकू येतो. घरात मात्र असे कोणीच बोलत नाही, खुद्द बाईसुद्धा नाही. म्हणजे सिंहली मुलाला स्वतःच्या भाषेचे व्याकरण शाळेत परक्या भाषेसारखे शिकावे लागते.

बातम्या संपून ‘टेलिनाट्य’ सुरू झाले की तीच वाहिनी चपला काढून घरात आल्यासारखी बोलू लागे. तेथे सगळा ‘यनवा’चा कारभार. 2006 मध्ये सिरसने ‘सुपरस्टार’ ही गाण्यांची स्पर्धा सुरू केली, त्यात प्रेक्षकांनी मोबाइलवरून मते द्यायची असत. बाईंच्या मते खरी पडझड तेव्हापासूनची. मला ते पटले नाही. सरकारी वाहिनीला लोकांची बोली ऐकवण्याची गरज नसते, जाहिरातीवर जगणाऱ्या वाहिनीला असते. नफ्याच्या लोभाने का होईना, बोलीला तेथे खुर्ची मिळाली. मी तसे म्हणालो. बाईंनी पुन्हा ‘च्च’ केले, बहुधा माझ्यासाठी.

येथवर मी अगदी मजेत होतो. चौथ्या की पाचव्या दिवशी मी सहज म्हणालो, जरा तमिळ वाहिनी लावू या. बाईंनी रिमोट माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, “कितव्या क्रमांकावर आहे ते मला ठाऊक नाही.”

सिरस ज्या कॅपिटल महाराजा समूहाची आहे, त्याचीच ‘शक्ती टीव्ही’ ही तमिळ वाहिनी आहे, तीही 1998 चीच. म्हणजे मालक एक, आणि दुकाने दोन. एका दारातून सिंहली घरे आत जातात, दुसऱ्यातून तमिळ. विशेष असे की हा समूह मुळात एका तमिळ कुटुंबाने उभा केलेला आहे. सिंहली माणसाच्या घरात सर्वाधिक ऐकल्या जाणाऱ्या आवाजांपैकी एक आवाज तमिळ कुटुंबाच्या मालकीचा, आणि त्या घराला तमिळ वाहिनीचा क्रमांक माहीत नाही. या मालकीवरून त्या वाहिनीला देशभक्तीची प्रमाणपत्रेही मागितली गेली. 6 जानेवारी 2009 रोजी, युद्ध संपायला जेमतेम साडेचार महिने उरले असताना, कोलंबोजवळ देपानम येथील तिच्या स्टुडिओत पहाटे सशस्त्र टोळी घुसली आणि स्फोट घडवून तिने प्रक्षेपणाची यंत्रणा उद्ध्वस्त केली. दोनच दिवसांनी संपादक लसंत विक्रमतुंगे यांची भर रस्त्यात हत्या झाली. बाईंना ती पहाट आठवत होती. त्या एवढेच म्हणाल्या, “त्या दिवशीही आम्ही सिरसच लावले होते.”

कोपऱ्यावरच्या तमिळ दुकानदाराकडे शक्ती टीव्ही चालू असे. मी विचारले, सिंहली बातम्या पाहता का? तो म्हणाला, रोज. देशात काय होणार ते सिंहलीत आधी कळते, आपल्याला काय झाले ते तमिळमध्ये. एरवी तो बाईंना ‘अक्का’ म्हणे, आणि ‘अक्का’ हा शब्द तमिळ आणि सिंहली दोघांचाही आहे. कन्नडही त्याच अर्थाने तो वापरते, आणि आमच्या सीमाभागातील मराठी घरात थोरल्या बहिणीला दुसरे नावच नसते.

श्रीलंकेने सिंहली ही एकमेव राजभाषा ठरविणारा कायदा केला तो 1956 मध्ये. त्याच वर्षी 1 नोव्हेंबरला आमचे बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. तमिळला राजभाषेचा दर्जा मिळायला तेथे 1987 चा तेरावा घटनादुरुस्ती कायदा यावा लागला. भाषणात या तारखा मी अनेकदा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत आणि दरवेळी स्वतःला त्या दुकानदाराच्या जागी बसविले आहे. कन्नड येते, कारण यावीच लागते. कचेरीतला अर्ज, बसची पाटी, वीजबिल. ते स्थान खरेच आहे, त्यात मी काही बदलत नाही.

पण त्या रात्री मच्छरदाणीत पडल्यावर आठवण आली ती आमच्या घरच्या रिमोटची. काही वर्षांपूर्वी एका आंदोलनानंतर, अंगावर पोलिसांच्या लाठीचे वळ असताना, मी केबलवाल्याला बोलावून घरातल्या कन्नड वाहिन्या काढून टाकायला लावल्या होत्या. मित्रांमध्ये ती गोष्ट मी अभिमानाने सांगत असे. आईचे माहेर घटप्रभेकाठचे, लहानपणी ती निम्मे कन्नडच बोलली. दुपारी ती एक कन्नड मालिका पाहत असे, ती बंद झाली. तिने तक्रार केली नाही. दुपारचे जेवण आटोपले की ती शेजारच्या अक्कांकडे जाऊ लागली, आणि मला वाटले, गप्पा मारायला जात असेल.

परत आल्यावर आईने विचारले, सिलोनला काय पाहिलेस? मी म्हटले, टीव्ही पाहिला. ती हसली. मग तिला ‘बत’ आणि ‘अत’ सांगितले, ‘अक्का’ सांगितली. ‘अक्का’ ऐकून तिला काहीच नवल वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी केबलवाल्याला फोन केला. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. दुपारी आई समोर बसली, मालिकेची कथा तिला पूर्ण ठाऊक होती, मधला एकही दिवस तिचा चुकलेला नव्हता. मी शेजारी बसलो आणि कन्नड निवेदिकेच्या क्रियापदांकडे कान देऊन ऐकू लागलो. चळवळीतील सहकाऱ्यांना हे मी अजून सांगितलेले नव्हते.